बारा चित्रे

बँकेतील ३८ वर्षांच्या सेवेत मी इतरांच्या असंख्य खरेद्यांना मंजुरी दिली. कुणाला पिठाची गिरणी हवी असे, कुणाला मालमोटार, कुणाला दुकानाचे नूतनीकरण. अर्ज पुढे आला की माझे दोन प्रश्न ठरलेले असत : या वस्तूची खरोखर आवश्यकता आहे काय, आणि ती वापरण्याची क्षमता अर्जदाराकडे आहे काय? निवृत्तीनंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, नवा कॅमेरा घेण्याचा विचार मनात आला तेव्हा हेच दोन प्रश्न मी स्वतःला विचारले. पहिल्याचे उत्तर मजजवळ होते. दुसऱ्याचे उत्तर मी गृहीत धरले, आणि चूक तेथेच झाली.

आवश्यकता अशी होती. आमचे वडिलोपार्जित भुसाराचे आडत दुकान बार्शीला आहे. वडिलांच्या पश्चात ते माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी सांभाळले. मी शिकून बँकेत गेलो, बदल्यांच्या गावी फिरलो आणि पुण्यास स्थिरावलो. दादा मात्र त्याच गादीवर बसून ज्वारी, तूर आणि उडदाचे सौदे करीत राहिले. आता त्यांचे वय ७८. दोन वर्षांपासून कंपवाताने उजवा हात थरथरतो. पुतण्या संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला दुकानात रस नाही आणि दादांची त्याबद्दल तक्रारही नाही. गेल्या दसऱ्याला त्यांचा दूरध्वनी आला. म्हणाले, "या दिवाळीचे वहीपूजन शेवटचे. पाडव्यानंतर दुकान आवरायचे ठरवले आहे. तू ये, आणि तुझा कॅमेरा घेऊन ये."

माझा जुना डीएसएलआर कॅमेरा बारा वर्षांचा झाला होता. घसाऱ्याच्या हिशेबाने त्याचे पुस्तकी मूल्य केव्हाच शून्यावर आले असेल. उजेडात तो अजून उत्तम काम देई, परंतु आमच्या दुकानाच्या आतल्या खणात, जेथे पोत्यांच्या थप्प्यांमुळे भर दुपारीही दिवा लावावा लागतो, तेथे त्याची चित्रे हललेली आणि दाणेदार येत. शिवाय माझाही हात आता पूर्वीसारखा स्थिर राहिलेला नाही. म्हणून दसऱ्याच्या आठवड्यातच मी नवा मिररलेस कॅमेरा घेतला. दिवाळीला तीन आठवडे उरले होते.

प्रथम आकडेमोड केली, कारण सवय जात नाही. जुना कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा, नवा २४ चा. ऐकायला वाढ एकतृतीयांश. परंतु जुन्याचे चित्र रुंदीत ५१८४ ठिपक्यांचे होते आणि नव्याचे ६००० ठिपक्यांचे आहे. म्हणजे रुंदीत वाढ जेमतेम १६ टक्के! केवळ मोठ्या आकड्यासाठी कॅमेरा बदलू पाहणाऱ्यांनी एवढा हिशेब अवश्य करावा. खरा फरक अन्यत्र असतो. डीएसएलआरमध्ये भिंगातून येणारा प्रकाश आरशावर पडून डोळ्यापर्यंत येतो आणि चित्र टिपताना तो आरसा वर उचलला जातो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. प्रकाश थेट संवेदकावर पडतो आणि संवेदकाला जे दिसते तेच दृश्यखिडकीतील लहानशा पडद्यावर आपल्याला दिसते. चित्र काळवंडणार की पांढरे पडणार, हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. सौदा करण्याआधीच नफातोटा दिसावा, तसे हे आहे.

पहिल्या दिवशी मात्र घोर निराशा झाली. दृश्यखिडकीत सर्व काही धूसर दिसत होते. वस्तू सदोष निघाली की काय, या विचाराने रात्री झोप लागली नाही. सकाळी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली तेव्हा उलगडा झाला. खिडकीच्या कडेला एक लहानशी चकती असते; ती फिरवून खिडकी आपल्या डोळ्याच्या नंबराशी जुळवून घ्यावी लागते. दोष कॅमेऱ्यात नव्हता, माझ्या डोळ्यात होता. चष्मा असणाऱ्या समवयस्क वाचकांनी नवा कॅमेरा हाती आल्यावर सर्वप्रथम हे करावे.

त्यानंतरचे दिवस मी विद्यार्थ्यासारखे घालवले. प्रकाशाचे गणित मला वाणिज्याच्या मार्गाने समजले. भिंगाचे छिद्र, शटरचा वेळ आणि आयएसओ ही तीन खाती आहेत. एकात जमा केले की दुसऱ्यात नावे टाकावे लागते. शटरचा वेळ १/५० सेकंदावरून १/१०० केला तर प्रकाश निम्मा होतो. मग आयएसओ ८०० वरून १६०० करून चित्राचा उजेड पूर्ववत ठेवता येतो, पण चित्रात दाणे वाढतात. ते त्या उसनवारीचे व्याज. छिद्राचे आकडे उलटे का, हे कोडेही सुटले. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/२ वर २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र मिळते आणि एफ/४ वर साडेबारा मिलिमीटरचे. हा भागाकार आहे. भाजक मोठा झाला की उत्तर लहान होते. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते आणि प्रकाशही चौथाईच आत येतो.

'रॉ' आणि 'जेपेग' यांतील भेद तर आपल्या व्यापारी कुटुंबांना सांगण्याचीही गरज नाही. 'रॉ' म्हणजे रोजमेळ. दिवसभरातील प्रत्येक नोंद जशीच्या तशी. 'जेपेग' म्हणजे त्यावरून काढलेला ताळेबंद : आटोपशीर, नीटनेटका, परंतु त्यावरून मूळ नोंदी पुन्हा मिळवता येत नाहीत. मी दोन्ही ठेवायचे ठरवले.

सरावासाठी समोर सौ. होत्याच. स्वयंपाकघरात त्या पोळ्या करीत असताना त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मी कॅमेऱ्याचे आवाजविरहित शटर वापरले. चित्रांवर आडवे काळसर पट्टे उमटले! कारण शोधले. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला ते जाणवत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र चित्र ओळीओळीने वाचते आणि त्या चढउतारांची नोंद पट्ट्यांच्या रूपाने करते. यांत्रिक शटर आणि १/५० किंवा १/१०० सेकंदाचा वेळ ठेवला की पट्टे नाहीसे होतात. दुकानात एलईडीचेच दिवे आहेत, हे लक्षात घेऊन मी हा धडा वहीत लिहून ठेवला.

दुसरा धडा पांढऱ्या रंगाचा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने राखाडी आहे असे धरून चालतो. समोर सारे पांढरे असले तर तो त्यालाही राखाडी करून टाकतो. दादांचे धोतर पांढरे, टोपी पांढरी, गादीवरील चादर पांढरी. तेव्हा तेथे मापकाचे न ऐकता उजेड एक टप्पा वाढवायचा, हेही लिहिले.

अशी तयारी करून लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही बार्शीस पोहोचलो. दुकान धुऊन काढले होते. काटा पुसून ठेवला होता, उरलेले बारदान एका कोपऱ्यात रचले होते. मी काही चित्रे घेतली, पुतण्याच्या लॅपटॉपवर ती मोठी करून पाहिली; पांढरी चादर पांढरीच आली होती, पट्टे नव्हते. मन निश्चिंत झाले.

संध्याकाळी घरातील सर्व मंडळी दुकानात जमली. दादा गादीवर बसले. लाल कापडी बांधणीची नवी वही पुढे ठेवली गेली. हिशेब गेली कित्येक वर्षे संगणकावरच होतात, परंतु पूजनाची वही दादा दरवर्षी आणतात. त्यांनी बोरू उचलला. हात थरथरत होता. वहिनी मनगटाला आधार द्यायला पुढे झाल्या. त्यांनी मानेनेच नको म्हटले. डाव्या हाताने उजवा हात धरून त्यांनी 'श्री' लिहिला. बराच वेळ लागला. कुणी बोलले नाही. मी खिडकीला डोळा लावून होतो. चेहरा, हात, वही, पुन्हा चेहरा. चाळीस तरी चित्रे घेतली.

घरी येऊन कॅमेरा उघडला. कार्डाची जागा रिकामी होती. कार्ड दुपारपासून लॅपटॉपमध्येच राहिले होते.

कार्ड नसतानाही शटर उघडझाप करू देण्याची एक मुभा कॅमेऱ्यात असते. माझ्या कॅमेऱ्यात ती सुरू होती. टिपलेले चित्र लगेच पडद्यावर दाखवण्याची सोय मी बॅटरी वाचवण्यासाठी बंद केली होती. दृश्यखिडकीच्या कोपऱ्यात इशारा लुकलुकत असणारच. माझे लक्ष दादांच्या हाताकडे होते. जुन्या काळी फिल्मच प्रकाश टिपून घेई आणि तीच तो जपून ठेवी. येथे टिपणारा संवेदक निराळा आणि जपणारे कार्ड निराळे, जसा रोखपाल निराळा आणि खतावणी लिहिणारा निराळा. ३८ वर्षे संध्याकाळी रोख आणि वही जुळल्याशिवाय मी तिजोरीला कुलूप लावले नव्हते. त्या संध्याकाळी तेवढेच करायचे राहिले.

दादांना सांगणे भाग होते. ते झोपण्याच्या तयारीत होते. मी सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, नोंद राहिली म्हणून व्यवहार झाला नाही असे थोडेच आहे? आम्ही सगळे होतो ना तेथे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पाडव्याला सकाळी दुकान उघडतो. सौदा करायचा नाही, पण बसतो. मात्र बाराच चित्रे काढायची."

त्या बाराचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता. मी शाळेत असताना दादा व्यापाराच्या कामाने मुंबईस गेले होते आणि येताना 'अॅगफा क्लिक थ्री' कॅमेरा घेऊन आले होते. तो माझ्या हाती देताना त्यांनी बजावले होते, "एका रोलमध्ये बाराच चित्रे येतात. आधी नीट बघ, मग बटण दाब." त्या पहिल्या रोलमधील चार चित्रे मी बार्शी लाइटच्या छोट्या गाडीची काढली होती. १८९७ साली सुरू झालेली ती अरुंद मार्गाची गाडी आता राहिलेली नाही; रुंद लोहमार्ग झाला. माझ्या बारापैकी पाच चित्रे वाया गेली होती. दादांनी सगळ्या बारांचे पैसे दिले, रागावले नाहीत.

पाडव्याच्या सकाळी आम्ही दोघेच दुकानात गेलो. मी प्रथम कार्ड तपासले. कार्डाविना शटर चालण्याची मुभा रात्रीच बंद केली होती. दादा म्हणाले, "दिवे लावू नकोस. गादी दाराकडे ओढू." पूर्वेच्या दारातून कोवळे ऊन आत येत होते. दिवेच नसल्याने पट्ट्यांचे भय नव्हते. शटरचा वेळ हवा तसा ठेवता येत होता. दादांनी वही उघडली आणि परवाच्या 'श्री' खाली तारीख लिहू लागले.

येथे एक गोष्ट मला प्रथमच नीट उमगली. या कॅमेऱ्यात संवेदक सावरून धरणारी यंत्रणा आहे. चित्र घेणाऱ्याचा हात हलला तर ती सांभाळून घेते. परंतु ज्याचे चित्र घ्यायचे त्याचा हात हलत असेल तर ती काहीही करू शकत नाही. तेथे वेळच कमी करावा लागतो. मी १/५०० सेकंद ठेवून सहा चित्रे घेतली. त्यांत दादांचा हात जणू स्थिर आहे. मग वेळ १/१५ पर्यंत वाढवला. त्या चित्रांत चेहरा, टोपी, वहीचे पान स्वच्छ आहे आणि हात मात्र धुरकट झाला आहे. बारा झाली. मी कॅमेरा खाली ठेवला. नंतर आम्ही बराच वेळ नुसतेच बसून होतो. बाजारात तुरळक जाग येत होती. एक जुना हमाल रस्त्याने जाताना थांबला, दादांना रामराम करून गेला.

पुण्यास परतल्यावर दोन चित्रे मोठी छापून घेतली : एक स्थिर हाताचे, दुसरे हललेल्या हाताचे. माझी पसंती अर्थातच पहिल्याला होती. तांत्रिक दृष्ट्या ते निर्दोष आहे. दोन्ही बार्शीस पाठवली आणि दिवाणखान्यात लावण्यासाठी कोणते ठेवायचे, ते दादांनी कळवावे असे सांगितले. आठवड्याने दूरध्वनी आला. दादांनी दुसरे चित्र निवडले होते.

"पण त्यात हात नीट दिसत नाही, दादा," मी म्हणालो.

"माझा हात आता असाच आहे," ते म्हणाले. "खोटी नोंद कशाला ठेवायची?"

पहिले चित्र मी माझ्याजवळ ठेवले आहे. दुसरे बार्शीच्या घरी, दारातून आत शिरताच दिसेल अशा ठिकाणी लावले आहे. दुकानाची जागा आता दुसऱ्या व्यापाऱ्याने घेतली आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे एखादे दुकान, अशी एखादी गादी आणि तिच्यावर बसणारे वडीलधारे माणूस अजून आहे, त्यांनी नवा कॅमेरा घेण्याचीही वाट पाहू नये. हाती असेल त्या साधनाने एक दिवस तेथे जावे, सकाळच्या उजेडात दाराजवळ बसावे. फक्त निघण्यापूर्वी कार्ड आत आहे ना, एवढे पाहून घ्यावे.