तेरडा आणि ट्यूलिप

गुलाबी ट्यूलिप म्हणजे जिव्हाळा आणि शुभेच्छा, असं पुष्पगुच्छाबरोबरच्या कार्डांवर सर्रास लिहिलेलं असतं. मला हा अर्थ उपरा वाटतो. एकेका फुलाला एकेक भावना नेमून देणारी पुस्तकं एकोणिसाव्या शतकात युरोपात खूप खपली, आणि एकाच फुलाचा अर्थ दोन पुस्तकांत वेगळा असे. त्याआधी ट्यूलिप तुर्की सुलतानांच्या बागांत मिरवलं, फारसी काव्यात लाल ट्यूलिप प्रेमात पोळलेल्यांची खूण ठरलं, आणि १६३७ साली हॉलंडमध्ये त्याच्या कंदांचा सट्टा कोसळल्यावर तेच हावेचं प्रतीक झालं. माणसांनी फुलाशी जसा व्यवहार केला, तसा त्याचा अर्थ बदलत गेला.

रत्नागिरीत याचा पडताळा तेरडा देतो. पावसाळ्यात सड्यांवर तो गुलाबी फुलतो, आणि भाद्रपदात कोकणातल्या अनेक घरांत गौर म्हणून तोच मुळांसकट आणला जातो. मुळं ही गौरीची पावलं. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. माहेरवाशिणीची माया या फुलात पाणवठ्यावरून गौर आणणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातली आहे. यावर कोणी म्हणेल, ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तर त्याचं भरवशाचं नसणं सांगते. पण गौरही थोड्याच दिवसांची पाहुणी. म्हणून तिची माया कोणी उणी लेखत नाही. शिवाय तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात आणि उडालेलं बी पुढच्या पावसात आपसूक रुजतं. जाऊन परत येणं हा त्याचा स्वभावच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, तरी आज त्याच्याशिवाय दसऱ्याचं तोरण होत नाही. मग ट्यूलिपही उद्या आपलं का होऊ नये? होऊ शकेल, पण झेंडू आधी इथल्या मातीत रुजला, कोणाच्याही परड्यात फुलला आणि मग तोरणात गेला. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते, आणि रत्नागिरीचा पौषही तेवढा गारठत नाही. त्यामुळे इथे ते खुडलेलंच येतं, अर्थही कार्डावर छापून येतो. गुलाबी ट्यूलिप जरूर द्यावीत. मात्र मनातलं काय ते सोबत स्वतःच्या शब्दांत लिहावं. आपल्या वतीने बोलण्याइतकी त्या फुलाची इथे अजून ओळख झालेली नाही.