सहवासावरचा माझा विश्वास

माणसं एकत्र राहिली की एकमेकांना कळू लागतात, असं मी उभ्या आयुष्यात मानत आलो आणि वर्गात सांगतही आलो. विद्यार्थ्यांना दुसऱ्या प्रांताची, दुसऱ्या रीतीभातीची ओळख करून द्यायची ना? मग त्यांना एका तंबूत झोपवा, एका पंगतीत जेवू घाला, बाकीचं आपोआप होतं. मी जालन्यात राज्यशास्त्राचा प्राध्यापक. भाषा-सप्ताह, वेबिनार, दोन राज्यांतल्या कॉलेजांना जोडून देणारे उपक्रम असं काही आलं की मी नाक मुरडायचो. पडद्यावर नमस्कार करून कुणी कुणाचा होतो का, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. गेल्या काही वर्षांत ते मी सोडून दिलं. सहकाऱ्यांना वाटतं, निवृत्ती जवळ आली म्हणून सर मवाळ झाले. तसं नाही.

हा विश्वास मी सोमनाथहून आणला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी उन्हाळ्यात भरायची, अजूनही भरते. पदवीच्या वर्षात मी तिथं गेलो. कुदळ-फावडं, भर उन्हात बांध घालणं आणि रात्री गाणी. नाशिकचा, बेळगावचा, इंदूरचा कुणीही शेजारी झोपलेला. घरी परतलो तो सहवासाचा भक्त होऊनच. त्यात घरात साने गुरुजींची पुस्तकं. सविनय कायदेभंगाच्या काळात गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. दक्षिणेतले सत्याग्रही सोबत, आणि त्यांच्या भाषा आपल्याला येत नाहीत ही टोचणी. तिथंच ते तमिळकडे वळले, पुढं तिरुक्कुरळ मराठीत आणलं. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीवरून त्यांना आंतरभारती सुचली. प्रांताप्रांतांतल्या तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावं, असं ते जाळं होतं. ते विणून पुरं व्हायच्या आत, १९५० साली, गुरुजी गेले. मला त्या स्वप्नातलं 'घरी राहावं' एवढंच लक्षात राहिलं होतं.

त्यामुळे 'एक भारत श्रेष्ठ भारत' हा केंद्र सरकारचा उपक्रम आला तेव्हा माझा पवित्रा तयारच होता. २०१५ च्या ३१ ऑक्टोबरला, सरदार पटेलांच्या जयंतीदिवशी, त्याची घोषणा झाली आणि राज्यांच्या जोड्या लागल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आलं. जोडीदार राज्याच्या भाषेतली शंभर वाक्यं शिकायची, त्यांचे पदार्थ करायचे, त्यांचं नृत्य बसवायचं. आमच्यासारख्या कॉलेजांत याचं जे व्हायचं तेच झालं. मुलांनी वाक्यं पाठ केली, मुली संबळपुरी साड्या शोधत फिरल्या, फेटे बांधून फोटो निघाले, अहवाल गेला. कोरोनात हे सगळं पडद्यावर गेलं आणि माझ्या टिंगलीला ऊत आला.

इंग्रजी विभागात नव्यानं आलेल्या एका मॅडमनी मला यात ओढलं. त्यांनी कुठंतरी 'कल्चुरा' या प्रयोगाबद्दल वाचलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फ्रेंच शिकवणाऱ्या जिल्बर्त फुर्स्तनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या सुमारास तो उभा केला. अमेरिकेतला एक वर्ग आणि फ्रान्समधला एक वर्ग. दोघांनाही तीच अर्धी वाक्यं आणि तेच प्रसंग द्यायचे. दुकानात एका आईनं आपल्या पोराला चापट मारली, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही रांगेत उभे आहात आणि कुणी मध्येच घुसलं, काय कराल? उत्तर ज्यानंत्यानं आपापल्या मातृभाषेत लिहायचं. मग दोन्ही वर्गांची उत्तरं शेजारी-शेजारी मांडायची आणि मुलांनी ती पाहून एकमेकांना प्रश्न विचारायचे. शिक्षकानं अर्थ सांगायचा नाही. बस, एवढंच. ना नाच, ना पदार्थ.

मला हे परीक्षेतल्या 'रिकाम्या जागा भरा'सारखं वाटलं. तसं मी मॅडमना बोललोही. त्या म्हणाल्या, "सर, एकदा करून तर पाहू." ओळखीतून ओडिशातलं एक कॉलेज मिळालं. वाक्यं दोन्हीकडच्या शिक्षकांनी मिळून ठरवली. 'न सांगता पाहुणा आला तर…', 'शिक्षकाची चूक दाखवणारा विद्यार्थी…', 'शेतात नांगर चालत नाही तो दिवस…' हे तिसरं वाक्य तिकडून आलं होतं. आम्हाला त्यात काही विशेष दिसलं नाही.

आमच्या मुलांची उत्तरं मराठवाड्याला शोभतील अशीच होती. पोळा. गावात कुणी गेलं तो दिवस. 'वाफसा नसतो तो.' 'ट्रॅक्टरवाल्याचे मागचे पैसे बाकी असतात तो.' तिकडच्या कागदांवर मात्र बहुतेकांनी एकच उत्तर दिलं होतं, रज. जूनच्या मध्यावर, पावसाच्या तोंडाशी, ओडिशात तीन दिवस रज पर्व असतं. धरणी त्या दिवसांत रजस्वला असते, म्हणून तिला नांगर लावायचा नाही, खणायचं नाही. मुली नवे कपडे घालतात, झाडांना दोर बांधून झोके घेतात, घरोघर पोडा पिठा भाजतात.

आमच्या वर्गात हे वाचून झालं आणि कुजबुज सुरू झाली. परतूर तालुक्यातली एक मुलगी उठली. एरवी हजेरीपुरतंही जिचं तोंड उघडायचं नाही, तिनं प्रश्न लिहून पाठवला. धरणीला पाळी आली की सण, मग घरातल्या मुलीला आली की काय करता? दोन दिवसांनी तिकडच्या एका मुलीचं उत्तर आलं. सण धरणीचा. आम्हाला देवघरात जायची मनाई इथंही आहेच. झोक्यावर बसताना हे आम्हालाही सुचतं, पण विचारलं आजवर कुणी नव्हतं.

त्यानंतरचा तास मी घेतला नाही, तो आपोआप झाला. बाजूला बसणं, शिवाशिव, खुरपायला जाताना होणारी अडचण, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत गोळ्या घेऊन पुढं ढकललेली पाळी. बोलत होत्या मुली, आणि पहिल्यांदाच मुलगे खाली मान घालून का होईना, ऐकत होते. हीच मुलं-मुली तीन वर्षं एका खोलीत बसत होती. एका एसटीनं ये-जा करत होती. पण हे बोलणं सुरू व्हायला वाक्य हजारभर किलोमीटरवरून यावं लागलं. मी मॅडमना "बरं झालं" म्हणालो. मनातून मात्र तो अपवाद समजून सोडून दिला.

सोडता आलं नाही ते २०२३ नंतर. १ सप्टेंबरला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणावर लाठीमार झाला आणि आमचा जिल्हा देशभर गेला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथून काही किलोमीटरवर, वडीगोद्रीत, ओबीसींचं उपोषण बसलं. माझ्या वर्गातली काही मुलं एका मांडवात जायची, काही दुसऱ्या. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप फुटला. बाकांवरच्या जागा बदलल्या. तिसऱ्या वर्षाची मुलं, तीन वर्षांचा सहवास, आणि सहवासानं काडीचंही काम केलेलं नव्हतं.

तेव्हा मीच मॅडमकडे गेलो. त्याच पद्धतीनं वाक्यं काढली, पण आरक्षण हा शब्द मुद्दाम टाळला. नाव न घालता लिहायचं. वाचल्यावर उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं. एक वाक्य होतं, 'दाखला काढायला गेलो की…' एका कागदावर होतं, 'उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो.' कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातली दफ्तरं निघाली होती, आणि त्यातलं बरंचसं उर्दूत आणि मोडीत. दुसऱ्या कागदावर, बहुधा एखाद्या तांड्यावरच्या पोराचं, 'शाळेत मास्तरांनी लिहिलेलं आडनाव आडवं येतं.' तिसरा, 'बापाची रोजी बुडते.' चौथा, 'माझ्याकडे आहे, पण वर्गात दाखवत नाही.' या चौथ्यावर प्रश्नांची रीघ लागली. कुणाचा कागद ते कुणी विचारलं नाही, पण का दाखवत नाहीस, हे दोन्ही बाजूंच्या मुलांनी विचारलं. कुणाचं मत बदललं नाही, हेही सांगतो. एक जण उठून गेला, तो नंतर या तासाला आला नाही. पण जागा पुन्हा थोड्या सरमिसळ झाल्या, आणि भांडण मांडवातल्या घोषणांतून उतरून तलाठी कार्यालयाच्या पायरीवर आलं. तिथं निदान बोलता येतं.

त्याच तासाला मी वसतिगृहातल्या मैत्रीचा दाखला दिला. दर वर्षी देतो. विद्यापीठात एम.ए. करताना माझा खोलीतला सोबती दलित होता. ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. आम्ही त्या मधल्या वर्षांत दोन वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. हे मी अभिमानानं सांगत असताना एका मुलानं साधंच विचारलं, "सर, मग त्याच्या गावात अठ्ठ्याहत्तरला काय झालं होतं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. त्याला मेसमधलं वरण आवडत नाही, तो उजव्या कुशीवर झोपतो, पहाटे उठतो, हे सगळं मला आजही पाठ आहे.

मग मी जालन्याकडेच नव्यानं पाहू लागलो. कुंडलिकेच्या दोन काठांवर जुना आणि नवा जालना. बियाणं कंपन्यांमुळं देशभरचे व्यापारी, सळईच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशाकडची माणसं, भोवती गोर बोली बोलणारे तांडे, गल्लीत दखनी. सहवासानंच माणसं कळत असती तर संवादाचं विद्यापीठ इथंच असायला हवं होतं. माझ्या आजोबांचं शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झालं. ते उर्दू वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. पण शेजारच्या मोहल्ल्यातल्या घरात त्यांनी पाऊल टाकलेलं कुणाला आठवत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला तो अमल संपल्यावर घरातून ती लिपीही गेली. आणि आता त्यांचेच पणतू दाखल्यासाठी त्याच मोहल्ल्यात उर्दू वाचणारे म्हातारे शोधत गेले.

गॉर्डन ऑलपोर्टचं 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस' १९५४ चं. ते मी किती बॅचना शिकवलं असेल. दोन गट नुसते जवळ आल्यानं पूर्वग्रह जात नाहीत, उलट वाढूही शकतात. त्या भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, हेतू एक हवा, काम मिळून करावं लागायला हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा, असं तो सांगतो. हे मी फळ्यावर लिहायचो आणि तास संपला की सोमनाथच्या गोष्टी सांगायचो. दोन्ही एकमेकांत बसतात का, हे तपासलंच नाही. बसतात, पण मी समजत होतो तसे नाहीत. सोमनाथला आम्हाला जोडलं ते तंबूनं नव्हे. सगळ्यांच्या हातात तीच कुदळ होती आणि बांध पावसाआधी पुरा व्हायचा होता. त्रिचनापल्लीतही गुरुजी नुसते दक्षिणेतल्या लोकांशेजारी राहिले नाहीत, ते त्यांच्यापुढं विद्यार्थी होऊन बसले. दोन्ही ठिकाणी कुणीतरी डोकं लावून प्रसंग रचलेला होता, किंवा तुरुंगानं तो रचला होता. मी रचना विसरलो आणि शेजार तेवढा लक्षात ठेवला.

म्हणून आता मी कल्चुराचा भक्त झालो आहे असंही नाही. वाक्य चुकलं की उत्तरं गुळगुळीत येतात. 'न सांगता पाहुणा आला तर' याला दोन्हीकडून 'अतिथी देवो भव' छापाची उत्तरं आली, त्यातून कुणाला काही मिळालं नाही. घाईत लावलेल्या फोनवरच्या भाषांतरानं एकदा चांगलाच गोंधळ घातला. आणि माझ्याबरोबर सोमनाथला आलेला मित्र अजूनही म्हणतो, तुम्ही कागदावर बोलता, आम्ही घाम गाळला. त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पोरांना दोन्ही मिळालं तर सोनंच, पण छावणीला जाणारी मुलं मूठभर असतात आणि वर्गात साठ बसलेली असतात.

सध्याची खरी अडचण वेगळीच आहे. उपक्रमाच्या अहवालात छायाचित्रं जोडावी लागतात. भिंतीवर लावलेल्या कागदांचे फोटो आम्ही पाठवत नाही, अक्षर ओळखू येतं आणि मुलांना दिलेला शब्द मोडतो. मग शेवटच्या दिवशी फेटे मागवतो, सगळ्यांना रांगेत उभं करतो आणि हवे तेवढे फोटो काढून जोडून देतो. गेल्या वेळच्या फोटोत डावीकडून दुसरा मी आहे.