तोफखान्याच्या सरदारांची गढी

आमच्या खडकीच्या पोरांना दारूगोळ्याचं अप्रूप नाही. १८६९ साली सुरू झालेला कारखाना इथेच, आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरचं कुणी ना कुणी तिथे कामाला. म्हणून चौथीच्या मुलांना मी म्हटलं, "चला, पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख कुठे राहायचे, बघून येऊ!"

दिवे घाट चढून आम्ही सासवडजवळच्या सोनोरीला गेलो. इथे सरदार पानसे यांची गढी आहे. गढी म्हणजे ठाऊक आहे ना? बाहेरून किल्ला, आतून घर! शत्रू आला तर दरवाजा लावून बुरुजावर चढायचं, नाही आला तर अंगणात पापड वाळत घालायचे. गावात मुरलीधराचं देऊळही आहे. मूर्ती इतकी देखणी, की आमचा गोंगाट आपोआप थांबला.

गावाच्या डोक्यावर मल्हारगड. भीमराव आणि कृष्णाजी पानसे यांनी तो १७५७ ते १७६० मध्ये बांधला. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांत हा अगदी शेवटचा. गड पुरा झाला न झाला, तोच जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं. गड लहानसाच, तिकोनी. आत चौकोनी बालेकिल्ला. तिथे खंडोबा आणि महादेव शेजारी-शेजारी बसलेत.

खाली गढीपाशी एक मुलगी म्हणाली, "बाई, एवढं मोठं घर पडलं कसं?"

काय सांगणार? ५ नोव्हेंबर १८१७ ला आपल्याच खडकीत इंग्रजांशी लढाई झाली. पुढच्या वर्षी पेशवाई गेली, मग तोफखाना तरी कुठला राहणार!

दूर वेल्समध्ये पॉविस नावाचा किल्ला आहे. तोही लढाईसाठीच बांधलेला. १५८७ मध्ये हर्बर्ट घराण्याने तो विकत घेऊन राहतं घर केलं. १९५२ पासून एक संस्था तो सांभाळते. तिथे टिपू सुलतानाचा तंबूसुद्धा जपून ठेवलाय, बरं का! हे सांगितलं तेव्हा ती मुलगी गढीच्या ढासळलेल्या भिंतींकडे बघत राहिली. मलाही पुढे बोलवेना.

परतताना एसटीत सगळी पेंगली. ती मात्र वहीत गढी काढत होती. पान पुरलं नाही, तेव्हा शेवटचा बुरूज तिने शेजारणीच्या वहीत काढला.