दहा तारखेची पाकिटं

बाबांच्या गिरणीत पगार दहा तारखेला व्हायचा, आणि त्या संध्याकाळी आमच्या खोलीत मोठ्याने बोलायची सोय नव्हती. आई पाटावर बसायची आणि पुढ्यात सात पाकिटं मांडायची. बदामी रंगाची, जुन्या पगारांचीच, कडा मऊ पडलेली. भाडं, रेशन, वाणी, दूध, शाळा, गाव, इतर. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या अक्षराला वळण नव्हतं, पण आकड्यांना होतं. सहाशेच्या आसपास रुपये त्या सात तोंडांत पडायचे आणि पाकिटं पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली जायची. 'इतर'चं पाकीट कायम चपटं. चप्पल तुटणं, ताप येणं, पाहुणा येणं, हे सगळं तिथून भागायचं. त्यामुळे महिनाअखेरीला ताप आलेला मुलगा आमच्याकडे थोडा अपराधीच ठरायचा.

परळ, लालबाग, काळाचौकीच्या चाळींत जी आम्ही पोरं साठच्या दशकात जन्मलो, त्या सगळ्यांच्या घरी असं काही ना काही होतं. कुणाच्या आईकडे पाकिटांऐवजी डाळींचे डबे होते आणि तूरडाळीत हात घातला की नोटा लागायच्या. कुणाची आई रुमालाला गाठी मारायची; कुठली गाठ कशाची हे तिलाच ठाऊक. आमच्या मजल्यावरच्या एका घरी मात्र वडील रोज सकाळी मोजून पैसे देत आणि रात्री हिशेब मागत. त्या घरातल्या मुलांकडे आम्ही जरा दयेने बघायचो. आमच्या आईला पाकिटं तरी होती.

पाकिटांचा कायदा कडक होता. दुधाचे पैसे दुधाला. पण वीस-बावीस तारखेला वाणी संपायचा, पाकिटातला, आणि मग आई कर्ज काढायची. स्वतःच्याच दुसऱ्या पाकिटातून. तिथे चिठ्ठी ठेवायची: 'वाण्याला 5 रु. दिले.' पुढच्या दहा तारखेला नवे पैसे वाटण्याआधी ही देणी चुकती व्हायची. धाकट्याने एकदा विचारलं, "आई, सगळे पैसे आपलेच ना? मग चिठ्ठी कशाला?" ती म्हणाली, "झाडाक पैशे लागतत काय रे?" हे काही त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मालवणी घरात ते पुरायचं.

धाकट्याचा मुद्दा शास्त्राला धरून होता, हे मला पुढे कॉलेजात कळलं. अर्थशास्त्राच्या तासाला समसीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त आला. फळ्यावर संत्री आणि केळी. प्रत्येक जादा संत्र्यापासून मिळणारं समाधान कमी कमी होत जातं. म्हणून शहाणा ग्राहक आपले पैसे असे वाटतो की संत्र्यावरचा शेवटचा रुपया आणि केळ्यावरचा शेवटचा रुपया सारखंच समाधान देतील. एकीकडे जास्त मिळतंय असं दिसलं तर रुपया तिकडे सरकवावा. आता रुपया सरकवायचा तर तो मोकळा हवा, आणि आमच्या घरी तर तो पाकिटात बंद. म्हणजे आई अडाणी ठरली. मी तसं घरी बोललो नाही, एवढं शहाणपण होतं. पुढे कितीतरी वर्षांनी, 2017 मध्ये, रिचर्ड थेलर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसं मनातल्या मनात पैशांचे वेगळे कप्पे करतात, हा त्यांच्या अभ्यासाचा एक भाग होता. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. तिने विचारलं, "त्येंका किती पोरां?"

आणि तरीही फळ्यावरचा सिद्धान्त आईला येत होताच. तो पाकिटांच्या आत चालायचा. मासळीचंच बघा. पगारानंतरच्या रविवारी सुरमई, म्हणजे माणशी एक तुकडी. पंधरा तारखेनंतर बांगडा. वीसनंतर पेडवे, ज्यांना मुंबईचे लोक तारल्या म्हणतात. आणि पंचविशीनंतर डब्यातला सुका जवळा, कांदा घालून. कोळणीपुढे आईचं जे चाले ते निव्वळ घासाघीस नव्हतं. चार बांगड्यांऐवजी तीन घेतले तर उरलेल्या पैशांत नारळ येतो, आणि नारळ असला तर आमटी दोन वेळ पुरते, मग चौथा बांगडा कशाला? हा हिशेब उकिडव्या बसल्याबसल्या, कोळणीने पाटी उचलायच्या आत व्हायचा. हाच नियम हेरमान गोसेन या जर्मन माणसाने 1854 मध्ये पुस्तक लिहून मांडला होता. पुस्तक कुणी घेईना, तेव्हा त्याने उरलेल्या प्रती परत मागवल्या आणि चार वर्षांनी तो गेला. बिचारा परळमध्ये राहिला असता तर एवढा निराश झाला नसता.

एका बाबतीत मात्र पुस्तकाचं आणि आमचं जमलं नाही. दुसऱ्या तुकडीपासून समाधान कमी होतं म्हणतात. आम्हाला दुसरी तुकडी कधी मिळालीच नाही, तेव्हा ते तसंच असेल.

कपड्यांचं समाधान वगैरे कुणी बघत नव्हतं. गिरणीच्या दुकानातून स्वस्तात फेंट, म्हणजे कापडाचा उरलेला तुकडा, आणायचं आणि एकाच तुकड्यातून धाकट्याचा शर्ट, ताईचं परकर-पोलकं आणि उशीचा अभ्रा. धाकटा उशीवर झोपला की डोकं कुठे संपतं ते कळत नसे.

रेशनची गोष्ट निराळी. तिथे निवड नव्हती, कोटा होता. कार्डावर तांदूळ इतका, गहू इतका, साखर इतकी, रॉकेल इतकं. पुढे पामतेल आलं. आम्ही कोकणातले, भात खाणारे. गहू घरात पडून राहायचा. शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचं कुटुंब. तिथल्या काकींना भाकरी-चपातीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही आणि रेशनचा तांदूळ त्यांना नुसता बघूनच नकोसा व्हायचा. त्यामुळे रेशन आलं की आमचा गहू त्यांच्याकडे आणि त्यांचा तांदूळ आमच्याकडे, शेराला शेर. कुणाचा एक पैसा जास्त गेला नाही, वाण्याला कळलं नाही, सरकारला तर नाहीच, आणि दोन्ही घरं आधीपेक्षा बरी जेवली. दोन माणसांकडे दोन वस्तू असल्या आणि आवडी उलट्या असल्या तर नुसत्या अदलाबदलीने दोघांचं भलं होतं, हे दाखवायला पुस्तकात एक चौकट काढलेली असते. आमच्याकडे त्या चौकटीच्या जागी दोन खोल्यांमधली गॅलरी होती. कुरबुरीही व्हायच्या. एकदा गव्हाचा भाव चढला तेव्हा आईने "शेराला शेर कसा?" असं हळूच काढून बघितलं. काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी पाठवली आणि भाव होता तिथेच राहिला. समाधानाच्या तक्त्यात शेजारणीचं बोलणं कुठल्या रकान्यात घालायचं, हे आमच्या सरांनी सांगितलं नव्हतं.

या बायका नुसत्या हिशेब करत बसलेल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. 1972 चा दुष्काळ आला, रेशनवर अमेरिकेची लाल मायलो ज्वारी आली, बाजारात तेल-डाळ हाताला लागेना. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर काढल्या. लाटणी आणि थाळ्या घेऊन. आई आणि साताऱ्याच्या काकी एका मोर्चाला जाऊन आल्या. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी लाटणं घरी नव्हतं आणि बाबांनी भात केला होता.

मग 1982 उजाडलं. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी. आधीच्या दिवाळीत बोनसवरून तापलं होतंच. कायद्याने कमीत कमी 8.33 टक्के, म्हणजे वर्षाला एक पगार. त्यापुढे किती यावर भांडण. दोन-तीन महिन्यांत मिटेल, असं सगळ्यांना वाटलं. आईने पाकिटं ट्रंकेत तशीच ठेवली, दहा तारखेची वाट बघत.

पण दहा तारखेला काहीच आलं नाही, पुढच्याही नाही. बाबा पहाटे भायखळ्याच्या बाजारातून लिंबं आणून परळच्या नाक्यावर विकायला बसू लागले. आम्ही तिघं आईबरोबर टिकल्या कागदावर चिकटवायचं काम करायचो, गठ्ठ्यावर पैसे. त्यातून काहीतरी येत होतं, पण रोजचं रोज. आणि रोजच्या पैशाला पाकीट नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. बारा रुपये हातात आले तर त्यातलं दूध किती, भाडं किती? आधी महिन्याचं तेल डब्याने यायचं. आता मी रोज बाटली घेऊन सुटं तेल आणायला जायचो. चहाची पूड पुडीतून, साखर पाव किलो. सुटं घेतलं की किलोमागे जास्त पडतं, हे आईला वाण्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण एकदम घ्यायला एकदम पैसे लागतात. पुस्तकात ग्राहकाचं उत्पन्न घटलं की त्याला काय काय परवडतं ते दाखवणारी रेषा सरळ आत सरकते, भाव तेच राहतात. आमचं उत्पन्न घटलं आणि भावही वाढले. गरिबाला त्याच वाण्याकडे तीच साखर महाग मिळते, हे कुठल्या वक्रात बसवतात मला अजून कळलेलं नाही.

गेल्या गणपतीत आम्ही तिघं भावंडं धाकट्याच्या डोंबिवलीच्या घरी जमलो होतो. आई त्याच्याचकडे असते. आरती झाली, मोदक झाले, आणि कशावरून तरी विषय निघाला: संपात सगळ्यात आधी काय बंद झालं?

ताई म्हणाली, दूध. अर्ध्या लिटरचं पाव लिटर झालं ते पहिल्याच महिन्यात. मी म्हटलं, छे, पहिला गेला तो पेपर. फेब्रुवारीपासून आम्ही साताऱ्याच्या काकींकडे जाऊन वाचायचो, तोही त्यांच्या थोरल्याचा वाचून झाल्यावर. धाकटा ऐकेना. त्याच्या मते पहिला गेला रविवारचा मासा, आणि त्याची तारीखही त्याला आठवत होती. आम्ही अर्धा तास भांडलो. मग ताईच्या मुलीने, ती अर्थशास्त्रात एम.ए. करते, आम्हाला गप्प केलं. म्हणाली, तुम्ही क्रम सांगत नाही आहात, जे ज्याला सगळ्यात जास्त लागलं ते तो सांगतोय. दुधाच्या केंद्रावर पहाटे रांगेत ताई उभी राहायची. पेपर मी वाचायचो. माशावर धाकट्याचा जीव. मला पोरीचं म्हणणं पटलं, पण वयाने मोठा असल्यामुळे मी तसं कबूल केलं नाही.

एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत झालं: त्या वर्षी खाल्लेली कुळथाची पिठी. सकाळी पिठी, रात्री पिठी. लसणीची फोडणी, दोन कोकमं, वर भात. डब्यातलं कुळथाचं पीठ संपायचंच नाही. धाकटा तर आजही पिठीचं नाव काढलं की पानावरून उठतो. गावाहून दर मे महिन्यात आजी एस.टी.वर गाठोडं टाकायची. कुळीथ, कोकमं, थोडे उकडे तांदूळ. आणि इथून दर महिन्याला 'गाव' पाकिटातून तिला मनीऑर्डर जायची. तिची सही म्हणजे अंगठा. पावती परत आली की आई ती पाकिटात ठेवायची.

आई कोपऱ्यात वाती वळत होती. ऐंशी पार केलेली, कान कमी, पण आमचं सगळं ऐकत होती असं दिसलं. म्हणाली, "पयली मनीऑर्डर गेली."

आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. बाबांनाही हे ठाऊक नसावं. फॉर्म नेहमी तीच भरायची.

"बंद नाय केलंय. निम्मी केलंय. फेब्रुवारीतच." तिने वात मोडली, पुन्हा वळली. "म्हातारयेन अंगठो मारलो नि पावती धाडली. एका शब्दान इचारूक नाय."

"आणि मग?" ताईने विचारलं.

"मगे काय. मे म्हयन्यात गाठोडां इला ता दोघांनी उचलूक लागला."