भोकं कुठे पाडायची

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी. एमओएफवर झाली. म्हणजे धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली जाळी, आत पोकळ्याच पोकळ्या. त्यांत वायू साठवता येतात, वाळवंटातल्या रात्रीच्या हवेतली वाफ पकडून सकाळच्या उन्हात तिचं पाणी करता येतं. माझ्या कॉलेजात स्फटिकांची रचना तपासायला क्ष-किरणांचं यंत्र नाही, त्यामुळे हे सगळं सध्या फक्त माझ्या थिसिसमध्ये आहे. शिकवण्यात अडकलीस की संशोधन संपलं, असं लॅबमधले मित्र म्हणायचे. हल्ली म्हणत नाहीत, म्हणजे त्यांच्या लेखी ते संपलं असावं.

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल याच पदार्थांना मिळालं. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमार याघी. ग्रुपवर सगळ्यांनी याघींची गोष्ट फिरवली. साहजिक आहे, अम्मानमधलं निर्वासित कुटुंब, पंधराव्या वर्षी अमेरिका. मी मात्र रॉबसनपाशी अडकले.

1966 पासून मेलबर्न विद्यापीठात असलेला हा माणूस 1974 मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी लाकडी गोळ्यांची मॉडेल्स करून घेत होता. गोळा म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध. वर्कशॉपला गोळ्यांत भोकं पाडायला सांगायचं, तर ती नेमकी कुठे हे आधी खुणा करून द्यावं लागलं. मॉडेल्स जोडताना त्यांच्या लक्षात आलं की अर्धं काम त्या भोकांनीच केलंय. भोकं बरोबर असली की रचना आपोआप बरोबर येते. मग खरे अणू-रेणू वापरून असंच बांधकाम करता येईल का?

यातली गंमत मला वर्गातच कळली होती. आमच्या कपाटातल्या मॉडेल्सच्या काड्या हरवल्यात, म्हणून मी भिजवलेले काबुली चणे आणि टूथपिक वापरते. चण्यात काडी कुठेही घुसते. त्यामुळे मिथेन करा म्हटलं की निम्मा वर्ग अधिकचं चिन्ह करतो, सपाट. पुस्तकात तसंच छापलेलं असतं ना! दोन काड्यांमधला कोन 109.5 अंश हवा, हे चण्याला ठाऊक नसतं. रॉबसनच्या गोळ्यांना ते ठाऊक होतं.

पण ही कल्पना त्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ तशीच ठेवली. बाकीचं काम चालूच होतं. मग हिरा डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी चार दिशांना जोडला जाणारा तांब्याचा आयन घेतला, चार हातांचा रेणू घेतला, आणि दोन्ही एकत्र केले. गिचका होईल असं कुणालाही वाटलं असतं. झाला नियमित स्फटिक, आत मोठ्या पोकळ्या. पेपर आला 1989 मध्ये. तरी तो पदार्थ ठिसूळच, सहज ढासळणारा. कितागावांनी 1997 मध्ये वायू आत-बाहेर करू शकणारी जाळी केली आणि याघींच्या 1999 च्या एमओएफ-5 ने तर कमाल केली: दोनेक ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग. नोबेल मिळालं तेव्हा रॉबसन 88 वर्षांचे होते.

मित्रांना ही गोष्ट पाठवली तर एकाने लिहिलं, 'बघ, शिकवता शिकवता नोबेल!' मला ते पटत नाही. कल्पना शिकवण्यातून आली हे खरं, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती पंधरा वर्षं तग धरून राहिली, कारण रॉबसन त्याच विद्यापीठात होते. भोकं पाडून देणारं वर्कशॉप होतं. उन्हाळ्यात पगार थांबत नव्हता. एवढं असलं की माणूस एखादी गोष्ट डोक्यात पडून राहू देतो.

माझी नेमणूक नऊ महिन्यांची असते. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तोच फॉर्म, त्यात गेल्या वर्षातल्या पेपर्सचा रकाना. माझ्याकडेही एक कल्पना आहे, चण्यांच्या तासालाच सुचलेली. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीय. त्या रकान्यात ती बसत नाही.