तापलेली तुळई

“लोखंड काही जळत नाही,” हे वाक्य आम्ही इंदुरात किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. १९८४ साली राजवाड्याचे लाकडी मजले आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हापासून तर जुन्या वाड्यांतून राहिलेली मंडळी ते एखाद्या सुभाषितासारखे उच्चारीत. पुढे सागवानी तुळया गेल्या, कडीपाट गेले आणि पोलादी गर्डरांवर काँक्रीटचा स्लॅब टाकलेल्या इमारती उभ्या राहू लागल्या. आमची सूनबाई ज्या रुग्णालयात काम करते तेही असेच बांधलेले आहे. आमची नोकरीची वर्षे बांधकामाच्या नकाशांत गेली. तेव्हा या सुभाषितात सत्यांश किती, हे एकदा घरच्या माणसांसमोर मांडावे असे वाटले.

लोखंड जळत नाही हे खरे, पण ते थकते. पोलाद वितळावयास सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि इमारतीतील आग सहसा तेथवर पोहोचत नाही. परंतु तुळई निकामी होण्यासाठी ती वितळावीच लागते असे नव्हे. चारशे अंशांपर्यंत पोलाद आपले बळ बहुतेक टिकवून धरते. सहाशे अंशांवर ते निम्म्याहूनही कमी उरते. आठशेवर जेमतेम एक दशांश. ताठपणा तर त्याआधीच उतरू लागतो. लोहाराच्या भट्टीतून निघालेले लालबुंद लोखंड हातोड्याखाली कसे नमते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यापुढे आकडे सांगण्याचे कारण नाही.

मग अशा इमारती आगीत तग धरतात त्या कशाच्या जोरावर? येथे काँक्रीट मदतीला येते. गर्डरच्या वरच्या पट्टीवर पोलादी खुंट्या वेल्डिंगने बसवितात आणि त्यांच्यावर स्लॅब ओततात. खुंट्या काँक्रीटमध्ये रुतल्या की दोघांचा संसार एक होतो. ओझे आले म्हणजे वरचे काँक्रीट दाब सोसते, खालचे पोलाद ताण सोसते. आग लागली की खालची पट्टी ज्वाळांत उघडी पडते, पण वरच्या पट्टीची उष्णता काँक्रीट शोषून घेते. खुंट्या तर त्याच्या पोटात पुष्कळशा सुरक्षित राहतात. खालची बाजू अधिक लांबते, वरची कमी, म्हणून तुळई खाली झुकते. हे झुकणे भयप्रद दिसते, परंतु झुकणे म्हणजे कोसळणे नव्हे.

याचा पडताळा लंडनमध्ये आला. २३ जून १९९० रोजी ब्रॉडगेट भागात बांधकाम चालू असलेल्या चौदा मजली इमारतीत आग लागली. पोलादावरचे संरक्षक लेपन अद्याप पुरे झाले नव्हते आणि पाण्याचे फवारेही सुरू झालेले नव्हते. साडेचार तास आग धुमसली, ज्वाळांचे तापमान हजार अंशांपुढे गेले. तुळया वाकल्या, काही खांब दबून आखूड झाले, पण एकही मजला खाली आला नाही आणि प्राणहानी झाली नाही. एकेक तुळई वेगळी धरून मांडलेल्या हिशेबात न बसणारी ही गोष्ट होती.

तेव्हा इंग्लंडमधील संशोधकांनी बेडफर्डशायरमधील कार्डिंग्टन येथे, हवाई जहाजांसाठी बांधलेल्या प्रचंड शेडमध्ये, आठ मजली पोलादी इमारत उभारली आणि १९९५–९६ मध्ये तिला मुद्दाम आगी लावल्या. (याच कार्डिंग्टनहून १९३० साली ‘आर १०१’ हे हवाई जहाज कराचीकडे निघाले आणि फ्रान्समध्ये कोसळून जळून गेले.) खांबांना आच्छादन होते, तुळया उघड्या ठेवल्या होत्या. काही तुळयांचे तापमान हजार अंशांवर गेले. हिशेबाने त्यांत काही राम उरला नव्हता. तरीही मजले कोसळले नाहीत. पोलादाने हात टेकल्यावर स्लॅबनेच भार उचलला होता. तान्ह्या बाळाची झोळी आपण बांधतो. तिच्यात ना दांडा ना फळी, पण कापड ताणले जाऊन ओझे तोलते. झुकलेला स्लॅब आपल्या पोटातील सळयांच्या जाळीच्या बळावर तसाच झोळीसारखा लोंबकळतो. यानंतर तेथे काही दुय्यम तुळया हिशेबपूर्वक उघड्या ठेवण्याची रीतही पडली.

परंतु झोळीची सारी मदार तिच्या गाठींवर. नऊ मीटरची तुळई पाचशे अंशांनी तापली तर पाच-सहा सेंटिमीटर लांबते, आणि ती लांबी कोठेतरी सामावावी लागते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील सत्तेचाळीस मजली ‘सात क्रमांकाची’ इमारत सुमारे सात तास जळून कोसळली. सरकारी चौकशीचा अहवाल २००८ साली आला. त्याचा निष्कर्ष असा की पोलाद वितळले नव्हते. तापून लांबलेल्या तुळयांनी एका मुख्य गर्डरला त्याच्या बैठकीवरून ढकलले आणि तेथून पडझडीची मालिका सुरू झाली. इमारत आधीच रिकामी केलेली असल्याने आत कोणी दगावले नाही.

आग विझली म्हणजे संकट टळले असेही नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोखंडी कडे तापवून सैल करतात आणि बसल्यावर पाणी ओततात. थंड होताना ते लाकडाला असे आवळते की वर्षानुवर्षे सुटत नाही. हीच ओढ थंड होणाऱ्या तुळईत असते. कार्डिंग्टनला काही सांधे आगीत टिकले आणि निवताना तुटले.

आता घरगुती गोष्ट. सूनबाईच्या रुग्णालयात वातानुकूलनाच्या नळ्या टांगताना कारागिरांनी गर्डरवरचा संरक्षक लेप हातभर खरवडून टाकला. आम्ही तेथील व्यवस्थापकांस दाखवले, तर ते हसून म्हणाले, “अहो काका, वरून छत येणारच आहे, दिसणार कुणाला?” आम्ही तीन पत्रे लिहिली, चकरा मारल्या. दोन महिन्यांनी लेप पुन्हा बसला, तोवर सूनबाईच्या प्रत्येक रात्रपाळीला आम्हांस झोप लागली नाही. धडधाकट माणूस जिना उतरून जाईल, पण खाटेवरच्या रुग्णांना खाली न्यावयास परिचारिकेला जो अर्धा-पाऊण तास हवा, तो या लेपातून मिळतो.

म्हणून वाचकहो, एवढेच सांगणे. तुमच्या कचेरीत वा सोसायटीत छत उघडले जाईल तेव्हा मान वर करून पाहा. पोलादावरचा खडबडीत लेप, जिप्समच्या फळ्या, आचेने फुगणारा जाड रंग ही शोभेची वस्तू नव्हे. ती निघाली असेल तर विचारा, आणि पुन्हा विचारा. आणि दुर्दैवाने कोठे आग लागून विझलीच, तर दागिने आणि कागदपत्रे काढावयास लगेच आत धावू नका. जाणकाराने सांधे तपासीपर्यंत बाहेर थांबा. आतली तुळई अजून निवत असते.