माळ खुंटीला, पोट कुठं?



पंचेचाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहून मी बोललो. आता चौऱ्याहत्तरावे चालू आहे. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून चार वर्षांपूर्वी कीर्तन थांबवले. इतक्या वर्षांत दारू सोडा असे किती गावांत सांगितले याची गणती नाही. मात्र मी स्वतः अकरा वर्षे दारू पीत होतो, हे एकाही गावात सांगितले नाही. ते आज आपल्यापुढे ठेवतो. त्यातून कुणाला उपयोग झाला तर माझा दोष थोडा तरी कारणी लागेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. नवव्या वर्षी गळ्यात माळ पडली. पुढे आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली. आमच्या भागात मोहाची दारू, हातभट्टी नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावात काय चालते ते लहानपणापासून पाहत आलो. पण आमच्या घरात तो वास कधी आला नव्हता. तो मी आणला, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी.

माघाचे दिवस होते. लागोपाठ सप्ताह होते आणि घसा पार बसला होता. एका यजमानांनी गरम पाण्यात दोन चमचे ब्रँडी दिली. म्हणाले, "महाराज, औषध म्हणून घ्या." घशाला ऊब वाटली. खरे म्हणजे त्याहून मोठी गोष्ट घडली ती झोपेची. रात्री नऊ ते अकरा कीर्तन, मग पंगत. अंग तापलेले असते, डोक्यात चाली घुमत असतात, दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. त्या रात्री लगेच लागला. दोन चमच्यांचा अर्धा पेला व्हायला वर्षही लागले नाही. तीन-चार वर्षांत रोज रात्री एक पव्वा ठरून गेला. झोळीत उपरण्यात गुंडाळलेली बाटली असे आणि तोंडात लवंग.

आता लाजेची गोष्ट. पिण्याआधी मी माळ काढून खुंटीला अडकवीत असे. सकाळी स्नान करून पुन्हा घालीत असे. माळेचा मान राखतो आहे असे मनाला समजावीत होतो. शास्त्राधार काढण्याची सवय असलेल्या माणसाला स्वतःसाठीही आधार सापडतो.

ही सवय आता माझ्या ताब्यात नाही, हे मला कळले वर्धा नदीपलीकडे. वर्धा जिल्हा गांधीजींचा आणि विनोबांचा, म्हणून तिथे कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. तिकडच्या एका गावी सप्ताहाला गेलो. बाटली बरोबर नेण्याची भीती वाटली, म्हणून नेली नाही. दुसऱ्या दिवशी हरिपाठाला टाळ हातात घेतला तर हात थरथरू लागला. कपाळाला घाम, छातीत धडधड. लोक म्हणाले, महाराजांना ताप आला. मी कारण काढून एक दिवस आधी परतलो आणि नदी ओलांडल्यावर पहिले काम कोणते केले, ते सांगायला नको.

तोवर देहही बोलू लागला होता. आळंदीत असताना मी छप्पन्न किलोचा होतो, शेहेचाळिसाव्या वर्षी चौसष्टचा. सत्तावन्नाव्या वर्षी काटा शहाऐंशीवर गेला. धोतराची गाठ पोटाखाली सरकली. गजरात दम लागू लागला. चाल चढवायची वेळ आली की मी टाळकऱ्यांवर सोपवून गप्प राही. लोक कौतुकाने म्हणत, "महाराजांच्या अंगावर तेज आलं." कुणी म्हणत, हे पंगतीचे पोट, पुरण आणि तुपाचे. तुपाचा वाटा होताच. पण मी सगळा दोष तुपावर ढकलला, कारण तूप निमूट ऐकून घेते.

पंचावन्नाव्या वर्षी यवतमाळच्या एका डॉक्टरांनी तपासले. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. त्यांनी विचारले, "काका, दारू घेता का?"

मी म्हणालो, "मी माळकरी आहे."

वाचकहो, हे वाक्य खोटे नव्हते. पण ते त्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते. डॉक्टरांनी केसपेपरवर "व्यसन नाही" असे लिहिले आणि त्याच लिहिण्यावर माझे औषधपाणी दोन वर्षे चालले. मी तूप सोडले, साखर सोडली, सकाळी तीन किलोमीटर चालू लागलो. वजन उतरले नाही. मी डॉक्टरांनाच नावे ठेवीत होतो.

त्याच काळात आमच्या गावच्या पखवाज वाजवणाऱ्याची गोष्ट घडली. त्याचे पिणे उघड होते, हातभट्टीचे, तेही उपाशीपोटी. हातपाय काड्यांसारखे झालेले आणि पोट मात्र घागरीसारखे. त्यालाही गाव "पोट सुटलं" असेच म्हणे. ते चरबीचे पोट नव्हते, जलोदर होता. यकृत निकामी झाले की पोटात पाणी साठते. एका एकादशीला तो माझ्याकडे आला. म्हणाला, "महाराज, तुमच्या हातून माळ घालतो, म्हंजे सुटन." मी घातली. आजपासून थेंब नाही, अशी शपथ दिली. माझी स्वतःची माळ आदल्या रात्री खुंटीवर होती.

त्याने शपथ पाळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला फिट आली. मग तो भलतेच बोलू लागला, भिंतीवर नसलेली माणसे दिसू लागली. कुणी म्हणाले बाहेरची बाधा आहे. अंगारा लावण्यात रात्र गेली. सकाळी सरकारी दवाखान्यात नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की असे होते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. त्या वेळी तो वाचला. पण यकृत संपले होते, वर्षाच्या आत गेला. त्याच्या तेराव्याला मी प्रवचन केले. काय बोललो ते आठवत नाही.

त्यानंतर एका रात्री मी खुंटीकडे हात नेला तर माळ जागेवर राहिली नव्हती. पत्नी ती हातात घेऊन दारात बसली होती. अकरा वर्षांत ती एका शब्दाने बोलली नव्हती. त्या दिवशी एवढेच म्हणाली, "माळ खुंटीला टांगता, पोट कुठं टांगता?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच डॉक्टरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. किती, कधीपासून, सकाळी हात थरथरतात तेही. ते रागावले नाहीत. पेन ठेवून त्यांनी हिशेब मांडला. एका पव्व्यात साधारण साठ ग्रॅम मद्यार्क असतो. त्याच्या एका ग्रॅमला सात उष्मांक, म्हणजे पव्व्याला सव्वाचारशे. ज्वारीच्या अडीच भाकरींएवढे. पण त्यात भाकरीचे सत्त्व काहीच नाही. शरीराला दारू साठवता येत नाही, ते ती विषासारखी आधी जाळत बसते. तोवर पंगतीत जेवलेले तूप आणि पुरण बाजूला पडते आणि चरबी होऊन पोटावर व यकृतावर बसते. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम दारूच निपटू शकते. म्हणजे पव्व्याला सहा ते साडेआठ तास. मी रात्री बारानंतर पीत असे. पहाटे काकड्याला वीणा गळ्यात घेऊन उभा राही, तेव्हा रात्रीची दारू माझ्या रक्तात असे. हे ऐकून मी खाली पाहिले.

झोपेचाही भ्रम त्यांनी फोडला. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते. पहाटे तीनला मला जाग येई, तिला मी ब्राह्ममुहूर्त समजत होतो.

मी म्हणालो, येत्या एकादशीपासून सोडतो. ते म्हणाले, "सोडा, पण एकट्याने नको." काही दिवस कमी करत जायच्या गोळ्या, ब-१ जीवनसत्त्व, दररोज तपासणी, आणि पत्नी सोबतीला. आठवडाभराने हात स्थिर झाले. सहा महिन्यांत वजन सत्याहत्तरवर आले आणि पुढच्या सोनोग्राफीत यकृतावरची चरबी बरीच उतरलेली दिसली. यकृतावर नुसती चरबी असेल तर ती दारू सोडल्यावर परत फिरते. यकृत आतून वाळून कठीण झाले की परत फिरत नाही. मी अलीकडच्या काठावर होतो, पखवाजवाला पलीकडच्या. दोघांच्या मध्ये फरक होता तो काही वर्षांचा, पुण्याईचा नव्हे.

चरकसंहितेत चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके उलट असतात, असे तिथे सांगितले आहे. मी तो भाग कीर्तनात दृष्टांत म्हणून वापरीत असे! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले की आरोग्याला निर्धोक ठरेल असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. म्हणजे "औषधापुरती" ही पळवाटही उरली नाही.

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडून उत्तर वदवून घेत. मीही तसे प्रश्न विचारीत असे. मला कोणी विचारला तेव्हा मात्र मी माळ पुढे केली.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. ज्याला चोरून घ्यायची सवय आहे, त्याने डॉक्टरांना माप सांगावे. पव्वा की अर्धा, रोज की वारानुसार. आपल्या संप्रदायात दारूला पाप म्हणतात, ते योग्यच. पण पापाच्या भीतीने माणूस लपवतो आणि लपवलेल्या रोगाला औषध लागत नाही. दुसरी विनंती माळ घालणाऱ्या महाराज मंडळींना. रोज पिणारा माणूस समोर आला तर माळ जरूर घाला, पण आधी त्याला दवाखान्यात न्या, आणि स्वतः बरोबर जा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. माळ पुढे जन्मभर सांभाळते, पण पहिल्या चार दिवसांत डॉक्टर लागतात.

नाथबाबांनी या देहालाच पंढरी म्हटले. मग पंढरीची डागडुजी करायला लाज कसली?

हे छापायला देण्याआधी पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "द्या. पन खुंटीचं गाळू नका." गाळले नाही. खुंटी अजून आहे, तिच्यावर आता झोळी असते. आज माझे वजन एकाहत्तर आहे. गेली सतरा वर्षे माळ गळ्यातून उतरलेली नाही.

रामकृष्णहरी.